मेंदू व्हायचं असतं!

...नाही, पण शिकवण्याला काही ताळतंत्र? पुस्तक द्या, घोकते, ओकते, पास होते! पण छे! तुम्हाला सांगते, मी मानसोपचार शिकणारी डॉक्टर, गेल्या खेपेला तोंडी परीक्षेत दातखीळ बसून नापास झालेली, आता पुन्हा गटांगळी खाल्ली तर आई घरात घेणार नाही, आणि नेमकी तेव्हाच आमच्या मॅडमना नवी पद्धत सुचायची! म्हणतात कशा, "मेंदू वाचायचा नसतो गं, मेंदू व्हायचं असतं!"

झालं! टेबलं भिंतीला सरकवली आणि वर्गाचा केला मेंदू. आमच्यातला एक थोराड, सगळे त्याला दादा म्हणतात, तो झाला कपाळामागचा शहाणा भाग. काम काय, तर विचार करायचा आणि बाकीच्यांना आवरायचं. आणि मी? मी अमिग्डला! म्हणजे बदामाएवढी भीतीची घंटा. दोरी दिसली की मी आधी किंचाळायचं, "साप!" मग दादानं यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, "अगं, दोरी आहे ती," की मी गप्प. सोपं ना? पण दादा येईल तर शपथ! कोपऱ्यात डुलक्या काढतोय! मी आपली बोंबलतेय... बोंबलतेय... आणि मॅडम खूश! "बघा रे, शहाणा भाग झोपला की पॅनिक अटॅक येतो तो असा!"

घरी बाथरूममध्ये सराव करावा, तर आई दारावर थापा मारतेय, "अगं, तू मानसोपचार शिकतेयस की घेतेयस?" आता तिला काय सांगू? मेंदू व्हायचं असतं!

आली परीक्षा. परीक्षक बाहेरचे, भरघोस मिशा, हातात चहा. "पॅनिक अटॅकमध्ये मेंदूत काय होतं?" तुम्हाला सांगते, घोकलेलं सगळं छू! जीभ टाळूला... आणि तेवढ्यात टेबलाखाली पंख्याची काळी वायर दिसली. मी किंचाळले, "साप!!" सर पाय वर घेऊन खुर्चीत, चहा शर्टावर! मी सवयीनं दादाची वाट बघतेय... दादा कुठला? तो बाहेर बाकावर घोरतोय! शेवटी मीच उठले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला, "सर, वायर आहे ती. श्वास घ्या... सोडा..." आणि मग जी सुटले! घंटा आधी का वाजली, शहाणपण मागाहून का आलं, तुमचे हात अजून का थरथरतायत... सगळं सरांवरच दाखवलं! सर शर्ट पुसत म्हणाले, "कळलं, बाई, कळलं! पास आहात, जा!"

इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आता बढती, आता शहाणा भाग मीच. कसलं काय! नव्या बॅचलाही मॅडमनी भीती म्हणून मलाच उभं केलं. काल तर वॉर्डातून नर्सबाई सगळ्यांदेखत ओरडल्या, "अहो भीतीताई, पेशंट घाबरलाय, लवकर या!"

आणि मी... करते काय... "ओ" दिली!