आपल्याच पोरीचं कौतुक

ऑकलंडमध्ये मांगेरेच्या स्टॉपवर बस काही येत नव्हती. बाकावर वाइओलाशेजारी एक अनोळखी सामोअन म्हातारी तारोच्या कंदांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिची लेक समोर येरझाऱ्या घालत होती. वाइओलाची नजर रस्त्याकडे होती, कान मात्र इकडेच.

"आई, हुशार मुलांसाठीच्या गणिताच्या जादा वर्गात मसीनाला घेतलंच नाही. हार्परबाईंनी तुला काय विचारलं होतं?"

"घरी ती गणितं कशी करते, एवढंच."

"आणि तू काय सांगितलंस?"

"कसली गणितं नि कसलं काय, म्हटलं. साधीच पोर आहे, त्यात आळशी. बाकीच्यांची मुलं हुशार."

"जेवताना ताटात बोटानं अपूर्णांक सोडवते ती."

"मला माहीत नाही का? मीच तर ओरडते तिला."

"मग सांगायचं ना तसं."

"नातीचं कौतुक आजीनं करायचं? चर्चमधली माणसं काय म्हणतील?"

"हार्परबाई गोऱ्या आहेत, आई. त्यांना ते खरंच वाटलं."

"आपल्यातलं कोणी असतं तर लगेच म्हणालं असतं, काहीतरीच काय आजी, किती हुशार आहे पोर."

"त्या नाही म्हणाल्या ना. उद्या वर्ग सुरू होतोय. सकाळीच जा आणि मसीना हुशार आहे म्हणून सांग."

"माझ्या तोंडानं? मेले तरी नाही. तू जा."

लेकीच्या येरझाऱ्या थांबल्या.

"मी? मी तर आई आहे तिची."

मग म्हातारी वाइओलाकडे वळली.

"बाई, तुम्ही आमच्या कोणी लागत नाही ना?"

"नाही."

"मग उद्या सकाळी जरा शाळेत याल का?"