हॅगफिश अन् आर्णीचे पाहुणे

हसून राह्यले तुम्ही, पण आर्णीचे पाहुणे मले पाह्याले आलते तवा बाबाले घाम फुटलता.

पोराच्या आईनं विचारलं, "काय शिकून राह्यली?"

मी खरं सांगून टाकलं, "खोल समुद्रात हॅगफिश नावाचा मासा राह्यते. त्याच्या एका जातीवर पीएचडी करून राह्यली, जे फारशी कोणाले माहीत नाही."

"खाते का त्याले?" पोराची आत्या म्हणली.

"इकडं नाही खात. लय बुळबुळीत राह्यते थो. कोणी धरलं का चिकट द्रव सोडते, आपल्याच आंगाची गाठ मारते अन् निसटून जाते."

बाबा मले डोळ्यानं दटावून राह्यलते. आई अन् आत्याच्या मधात चेपून बसलेला पोरगा पह्यल्यांदा बोलला, हळूच, "हे निसटाचं मले शिकवसान का?"

चहा यायच्या आधीच मी हो म्हणलं.