आत्याचा अंगठा

चार्जर बदलून घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या मास्तरांचे कान पुढच्या दोघींकडे लागले होते. आत्या आणि भाची व्हिडिओ गेमसाठी वायरलेस कंट्रोलर निवडत होत्या.

"आत्या, हा घे. अगदी हलका आहे."

"हलका हातात आहे की नाही तेच कळत नाही गं. अर्धांगवायूच्या झटक्यापासून हा डावा अंगठा नुसता शोभेला उरलाय."

"मग हा लहान मुलांचा? बटणं मोठी आहेत."

"आजारी पडले होते मी, कुक्कुलं बाळ नाही झाले! तो जाडजूड काळा दे. हां, हा कसा मुठीत बसतो! लाव बघू त्या समोरच्या टीव्हीवर गाड्यांची शर्यत."

"इथे, दुकानात?"

"हरायला घाबरतेस?"

"बरं, चल. वळण आलं, आत्या, वळव! अगं, पुढे कशी गेलीस?"

"जिंकले ना?"

"जिंकलीस! आणि वळताना तुझा डावा अंगठा हलला. मी पाहिला!"

"मीही पाहिला गं, पोरी."

मास्तरांनी चार्जर काखोटीला मारून टाळ्या वाजवल्या. मागची रांगही वाजवू लागली.

"हाच बांधून देऊ का, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"दोन द्या. हिला आता सराव लागणार आहे."