म्हातारी जाईल तिकडे

(नोव्हेंबर २००६. मिशिगनमध्ये ॲन आर्बरच्या बाहेर, मिसेस कोलच्या शेतामागचं रान. नुकतं फटफटतंय. ओकच्या झाडाला उंचावर बांधलेल्या बाकावर दोघं शेजारीशेजारी, कमरेला झाडाशी बांधलेले पट्टे, शंतनूच्या मांडीवर धनुष्य. सगळं बोलणं कुजबुजत.)

शंतनू : ...तर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सुट्टी टाकलीय, नेब्रास्काचं हरणाचं लायसन्सही घेतलंय. आता फक्त तुम्ही हो म्हणायचं बाकी आहे, रत्नाताई.

रत्नाताई : माझ्या हो म्हणण्याने काय होणार? गाडी तू चालवणार, थंडीत तू कुडकुडणार.

शंतनू : तुम्हीच शिकवलंत ना मला. तुम्ही नाही म्हणालात तर तिथे जाऊनही माझं मन लागणार नाही.

रत्नाताई : मग नाही म्हणते. बस आता गुमान.

शंतनू : का पण? कारण तरी सांगा यार.

रत्नाताई : यार म्हणून राहिला मला. मावशीच्या वयाची आहे मी तुझ्या.

शंतनू : सॉरी. पण ऐका ना. तिथे म्यूल डिअर असतात. गाढवासारखे लांब कान, आणि उघड्या टेकड्यांवर कळपच्या कळप. मी फोटो फॉरवर्ड केले होते, पाहिलेत ना? इथे दोन वर्षं आपण ह्याच झाडावर येऊन बसतोय. ह्या रानातली खार न् खार मला पाठ झालीय.

रत्नाताई : खारी झाल्या. हरणं?

शंतनू : तेच तर म्हणतोय. दोन सीझन झाले, अजून एक बाण सुटला नाही माझा. तुम्हाला बरं दरवर्षी मिळतं. तुमच्या घरी तो हरणाचा सावजी रस्सा खाल्ला आणि फसलो मी. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी रानात फोटो काढायला जातो.

रत्नाताई : मग कॅमेरा घेऊन जा नेब्रास्काला. त्याला मी कशाला अडवते?

शंतनू : चेष्टा नका करू. डिसेंबरात माझा व्हिसा संपतोय. सहा वर्षं पुरी झाली, कंपनीने ग्रीन कार्ड काही फाइल केलं नाही. पुण्यात औंधच्या फ्लॅटमध्ये हे धनुष्य काय गॅलरीत टांगू? तिकडे हरणाकडे नुसती वाकडी नजर टाकली तरी तुरुंगात घालतात. मला हा एकच सीझन उरलाय, ताई. त्यात तरी एकदा मोठा मुलूख बघू दे.

रत्नाताई : माहीत आहे रे. म्हणूनच नाही म्हणते.

शंतनू : म्हणजे काय?

रत्नाताई : माझ्या ह्या खिशात हात घाल. एक वाळलेलं बोंड आहे बघ. त्यातलं चिमूटभर काढ.

शंतनू : ही तर म्हातारी. शाळेत असताना हिच्या मागे पळायचो आम्ही.

रत्नाताई : आमच्या ब्रह्मपुरीकडे रुईची असायची. इथे हे मिल्कवीड, त्याच जातीचं. सोड एक आणि कुठे जाते बघत राहा.

शंतनू : सरळ चाललीय. नाही, खाली उतरतेय. नाल्याकडे. अरे, वळली.

रत्नाताई : पहाटेची गार हवा उतारावरून नाल्यात जाते. ऊन वर आलं की तीच उलटी चढते. म्हातारी जाईल तिकडे आपला वास जातो, आणि वास गेला तिकडून हरीण येत नाही. एवढं कळायला मला ह्या एका झाडावर कितीक हिवाळे काढावे लागले. नेब्रास्कात ती कुठे जाईल, सांग?

शंतनू : सोडून बघेन की. बघायलाच तर चाललोय.

रत्नाताई : बघशील, शिकशीलही. हुशार आहेस. माझी भीती हवेची नाही.

शंतनू : मग कसली?

रत्नाताई : इतकी गाडी हाणत जाशील. सुट्टी शेवटची, सीझन शेवटचा. आणि निघायच्या दिवशी एखादं हरीण समोर येईल, तोंड तुझ्याकडे करून. तसं उभं असताना मारू नये, बाण वर्मी बसत नाही, नुसती जखम होते, हे तुला ठाऊक आहे. पण तू म्हणशील, एवढं लांब आलो, आता हात हलवत कसा जाऊ? आणि मारशील. ते बिचारं बाण घेऊन पळेल आणि परक्या रानात तुला सापडायचं नाही. इथे शोधायला निदान मी आहे, मिसेस कोलची मुलं आहेत.

शंतनू : एवढाही विश्वास नाही माझ्यावर?

रत्नाताई : तुझ्यावर आहे. तुझ्या त्या 'एवढं लांब आलो'वर नाही. नव्या माणसाने घरचं रान सोडू नये म्हणते, ते ह्याच्यासाठी.

शंतनू : मग नवा माणूस जुना व्हायचा कधी? मला तर वेळच...

रत्नाताई : श्श.

शंतनू : काय झालं?

रत्नाताई : पानं वाजली डावीकडे. मान वळवू नको, नुसते डोळे वळव.

शंतनू : मादी आहे. दोन आहेत.

रत्नाताई : त्यांच्या मागे बघ.

शंतनू : बाप रे. हा इथे राहतो? आपल्या रानात?

रत्नाताई : मीही आजच पाहते आहे ह्याला. आता एक अक्षर बोलू नको. माद्या मान खाली घालतील तेव्हा धनुष्य उचल. पुढचं तुझं तू ठरव, मी काही सांगणार नाही.

शंतनू : ...

रत्नाताई : ...

शंतनू : ...

रत्नाताई : गेला. नाला ओलांडला त्याने. ठेव ते धनुष्य, मांडीवर ठेव. श्वास घे आधी.

शंतनू : केवढा होता तो!

रत्नाताई : एवढा मोठा नर मी ह्या जन्मात पाहिला नाही. शिंगं का काय ती.

शंतनू : आपल्या पायाखाली उभा होता, ताई. बरोब्बर खाली. त्याच्या नाकातून वाफ निघत होती आणि श्वास ऐकू येत होता मला. मानेवरचे केस ओले होते. एकदा वर बघितलं त्याने.

रत्नाताई : पाहिलं मी. आपला वास आलाच असणार त्याला. पण सध्या दिवसच असे आहेत, माद्यांच्या मागे त्यांना कशाची शुद्ध नसते.

शंतनू : त्याने बघितलं तेव्हा मी ऑफिस, व्हिसा, सगळं विसरलो. माझं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रत्नाताई : दोरी पूर्ण ओढली होतीस. मग सोडला का नाही बाण?

शंतनू : कूस आपल्याकडे वळवलीच नाही त्याने. सगळा वेळ तोंड आपल्याकडे. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. शेवटचा सीझन आहे, मार. ताई काय कुणाला सांगणार आहेत? मग वाटलं, हे तेच. तुमचं ते 'एवढं लांब आलो'. नेब्रास्कापर्यंत जायची गरजच नव्हती, ते इथेच माझ्या शेजारी येऊन बसलं होतं.

रत्नाताई : खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर माझा भरवसा नव्हता. हात शिवशिवत होते माझे.

शंतनू : तुमचे?

रत्नाताई : माझे. हसू नको.

शंतनू : नेब्रास्का कॅन्सल करतो मी. खार न् खार पाठ आहे म्हणत होतो. इथलंच मला काही माहीत नाही.

रत्नाताई : कॅन्सल कशाला करतो? जा तू.

शंतनू : मघाशी तर नाही म्हणत होतात.

रत्नाताई : मघाशी मला ठाऊक नव्हतं, तुला ओढलेली दोरी सैल सोडता येते. ज्याला ते जमलं त्याने कुठल्याही रानात जावं. ही बोंडं घेऊन जा माझी. आधी नुसता बस आणि तिथली हवा बघ. हरणाचं मागाहून.

शंतनू : आणि तिथेही काही नाही मिळालं तर? पुण्याला रिकाम्या हातानेच जायचं?

रत्नाताई : रिकाम्या हाताने? आता काय पाहिलंस मग?

शंतनू : हो. ते आहेच.

रत्नाताई : चल, पट्टा सोडू नको एवढ्यात. ऊन वर येईपर्यंत जरा बसू या.

शंतनू : ताई, तुम्ही एक पाहिलंत का? मघाच्या चिमटीतली एक म्हातारी चिकटून राहिली होती माझ्या हातमोज्याला. दोरी सैल केली ना, तेव्हा सुटली ती. सावकाश खाली गेली आणि त्याच्या पाठीवर बसली.

रत्नाताई : आणि मग?

शंतनू : त्याला पत्ताच नाही. घेऊन गेला.