फौजदारांचं शिकारी कुत्रं

चहा उकळेपर्यंत हे ऐका. इंग्रजांच्या अमदानीत मी म्हसावदला मास्तर होतो, तेव्हा आमच्या फौजदारांना तित्तर मारायचा नाद लागला. त्यांनी महूहून शिकारी जातीचं पिल्लू मागवलं. घरी दूधदुभतं नव्हतं, म्हणून ते वाढवायला दिलं कुणाकडे, तर जैन शेठकडे. पारध्यांकडून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडून देणारा माणूस तो.

शेठ ओट्यावर बसून चिंध्यांचा चेंडू फेकायचे. पिल्लानं तो आणून पायाशी ठेवला की त्याला तुपात बुडवलेली बट्टी मिळायची. फौजदार खूश. म्हणायचे, "शिकवणी फुकटात होतेय."

थंडीत पहिल्या शिकारीला मीही गेलो. संध्याकाळी प्रांतसाहेब तित्तर खायला यायचे होते. तुरीच्या बांधावर तित्तराचा वास लागताच कुत्रं एक पाय उचलून जागीच थिजलं. तित्तर उडाला, बार झाला, पंखाला छर्रा लागून पक्षी पडला. कुत्र्यानं तो अलगद तोंडात धरला आणि आमच्याकडे न बघता गावाकडे धूम ठोकली.

आम्ही धापा टाकत पोचलो, तेव्हा शेठ तित्तराच्या पंखाला हळद लावत होते. कुत्रं बट्टी खात होतं.

"शेठ, तो पक्षी द्या," फौजदार म्हणाले.

"मन्हा ओटावर जो जीव उना, तो मी देत नही."

"ओट्यावर आला म्हणून काय झालं? मग प्रांतसाहेबांच्या ताटात काय वाढू?"

शेठनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. "दाळबट्टी वाढा ना. याले आवडस, मंग साहेबले काबर नही आवडी?"