राजाच्या मयताचं सूप

कोरियातल्या तेगू शहरात सिनेमा सुटला. बसच्या रांगेत मागे मायलेकींची जुंपलेली ऐकून मीरानने कान टवकारले.

"मला एक सांग, एवढा राजा मेला, तरी कुणीच चूल पेटवली नाही?"

"आई, हा दुसरा भाग आहे. पहिल्यासारखा पोरकट नाही. भयाण आहे!"

"कसला भयाण? नुसता काळोख! मयताला एवढं सैन्य आलं, आपल्या रीतीप्रमाणे त्यांना तिखट सूप-भात कोण वाढणार?"

"जादूच्या राज्यात सूप?"

"बाबांच्या वेळी तू मागून मागून प्यायलीस."

"...तू बघितलंस?"

"मीच वाढत होते ना."

"मला लाज वाटत होती गं. बाबा गेले आणि मला भूक कशी लागते?"

"वेडे, तुला वाढायचं होतं, म्हणून तर मी त्या दिवशी उठले."