रुखवताचे दोन डबे

…न्हाय, म्हणजे माझं कुत्र्याशी वैर हाय असं सगळी भावकी म्हणती, म्हणू द्या, पण तुमाला सांगते, ज्या घरात पोरीची झबली साखरेच्या रिकाम्या पोत्यात आन् कुत्र्याचा रेनकोट कपाटात हँगरला, तितं कुणाचं कुणाशी वैर हाय ते तुमीच ठरवा. रेनकोट! आमच्या वडगाव निंबाळकरात माणसं खताचं पोतं डोक्यावर घेऊन शेतात जात्यात, आन् ह्याला पिवळा, बटणाचा, टोपीसकट.

डॉलर त्याचं नाव. माझ्या नणंदेचा, उत्कर्षाताईंचा. पुण्यात सोसायटीतली लोकं वरडायला लागली म्हणून "वहिनी, चारच दिवस ठेवा" म्हणत गाडीतनं उतरवला, आन् त्याच्या मागनं त्याचं सामान जे उतरायला लागलं… माझ्या लग्नात माझं एवढं उतरलं नव्हतं. गादी, गादीवरची गादी, पट्टे, ब्रश, नखं काढायचं यंत्र, दात घासायची पेस्ट (चिकनच्या चवीची, हां) आन् दाबलं की किंचाळणारं रबराचं हाडूक. चार दिवसांचं वरीस झालं. मी एकदा, एकदाच, सासूबाईंना म्हटलं, आत्या, पोरीच्या कपड्यांना एक कप्पा तरी… तर आत्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मुकं जनावर हाय ते. तुला तोंड हाय."

बरं. हाय तोंड.

आता माझी इरा. दीड वर्षाची, आन् खाण्याच्या नावानं दात घट्ट. कावळा दाखवा, चिमणी दाखवा, घास गालात धरायचा आन् माझ्या पदरावर सोडायचा. मी तिच्या बरगड्यांवरनं बोट फिरवत बसायची, आज एक जास्त दिसती का काय म्हणून. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाचा ठिपका पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वजन कमी. तितल्या जयवंताबाई स्वभावानं चांगल्या, पण आवाज असा की पलीकडं डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं वळून बघत्यात. "आईनं लक्ष द्यायला पाहिजे हो!" आन् नेमकं त्याच दिवशी मामंजींनी, आप्पासाहेबांनी, डॉलरला डेअरीच्या काट्यावर उभा केला. आकडा ऐकून लोकांनी वाहवा केली. घरी आल्यावर आत्या भाकरी थापता थापता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, कुत्र्याच्या अंगाला लागतंय, पोरीच्या न्हाय, एकेकीच्या हातालाच गुण नसतो.

मग आला उत्कर्षाताईंचा व्हिडिओ कॉल. डॉलर म्हणे लठ्ठ झालाय, त्याच्या डॉक्टरनं चांगलं खाणं सांगितलंय, मासे, लाल भोपळा, बिनपॉलिशचा तांदूळ, मैद्याचा कण न्हाय. ह्या सगळ्याच्या तयार वाळक्या गोळ्या येत्यात, त्यांचं पोतं पाठवते म्हणाल्या. "आणि वहिनी, तो पसारा कमी करा हो. मला बघवत नाही." त्यांना बघवत न्हाय, बघा. पण मला दिवाळी आल्यागत झालं. पदर खोचला. गाद्या गोठ्यात. पट्टे वासरांना. रेनकोट शेजारच्या दगडाबाईंच्या शेळीला असा बसला की ती काढू देईना. कपाटात इराची झबली लागली आन् मी दार उघडून नुसती बघत उभी राहिले. डॉलरच्या नव्या खाण्याचं पोतं वाटंतच फाटलेलं, म्हणून ते रुखवतातल्या स्टीलच्या डब्यात भरलं. डबे जोडीचे, हुबेहूब. दुसऱ्यात इराचं अंगणवाडीचं पीठ. पीठ वर ठेवलं, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून. कुत्र्याचं खाली.

आता कुठल्याही शहाण्या घरात पोरीचं वर असणार का न्हाय? पण आत्यांनी जाहीर केलं, आजपासनं पोरीला मीच भरवणार, आन् पोरीचं म्हटल्यावर ते हाताशीच असणार, म्हणून धरला खालचा डबा. मी म्हटलं, आत्या, डबा… "गप. मला शिकवू नकोस. तोंड हाय म्हणून सारखं उघडायचं का?" आन् मला धाडलं धारा काढायला.

डॉलरचं मामंजींनी घेतलं. वरच्या डब्यातलं पीठ पाण्यात कालवून, गाईला आंबवण ठेवावं तसं पुढं ठेवायचे. मला गोठ्यात खलबत्त्याचा आवाज यायचा, म्हटलं वेलदोडे कुटत असत्याल. वेलदोडे कुठले… त्या कुत्र्याच्या गोळ्या व्हत्या. आत्यांना वाटलं, माझ्या गबाळ्या ठेवणीनं ओल लागून पिठाच्या गोळ्या झाल्या. कुटायच्या, दुधात साखर घालून कालवायच्या आन् भरवायच्या. आन् पोरगी वाटी चाटायची हो, चाटून पुसून!

पुढच्या वजनाला ठिपका हिरव्यात. जयवंताबाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या, आत्यांना खुर्ची दिली, आन् आत्या सगळ्या आयांना सांगत्यात, माया लागती, हाताला गुण लागतो, माझ्या सुनंला दोन्ही न्हाय. डॉलरसुदिक सडपातळ, केस तुकतुकीत. उत्कर्षाताई फोनवर म्हणत्यात, बघा, भारी खाण्याचा फरक.

मी घरी येऊन दोन्ही डबे उघडले. वर पीठ, तळाला गेलेलं. खालच्याला माशांचा वास. पळत जाऊन इराच्या तोंडाचा वास घेतला. तोच.

पोरीला कडेवर मारली आन् बारामतीला लहान पोरांच्या डॉक्टरकडं. खरं काय सांगणार? म्हटलं, मासे, भोपळा, तांदूळ असं देतोय. त्यांनी तिला तपासलं, उलटंपालटं बघितलं आन् म्हणाले, "छान. हेच चालू ठेवा." हेच! घरी येऊन मी खरे मासे शिजवले, खरा भोपळा, काटा न् काटा काढून भात कालवला. इरानं गालात धरला आन् माझ्या पदरावर सोडला. आत्या दारातनं म्हणाल्या, "बघितलं? हिनं हात लावला की पोर उपाशी."

तवा सांगणारच व्हते. व्हटापर्यंत आलं. पण डबे भरले कुणी? मी. मग कुत्र्याचं पोरीला घातलं कुणी? गावात मीच.

काल खालचा डबा संपला. बारामतीला कुत्र्याच्या खाण्याच्या दुकानात गेले, म्हटलं, मिठाचं कमी, रंग नसलेलं, चांगल्यातलं द्या. दुकानदारानं विचारलं, वय किती? दीड वर्ष. दात? आल्यात. बारीक दाणा देऊ का? म्हटलं, कसाही द्या, घरी कुटत्यात. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं.

"चावतं का?"

"फक्त मला."

तो पिशवी बांधता बांधता हसला. "चालायचंच ताई. मुकं जनावर हाय ते."

मी व्हय म्हटलं. तोंड असून.